देठ एकाच दिशेला

गेल्या वर्षी पाय मोडून मी महिनाभर घरी पडून होतो, तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी एक बुके पाठवला होता. दिसायला दणदणीत. चुरचुर वाजणारं पारदर्शक वेष्टन, वर तीन रंगांच्या फिती, आत पंचवीस लाल गुलाब. दुसऱ्या दिवशी दुपारीच गुलाबांनी माना टाकल्या. निदान आता तरी पाण्यात ठेवू म्हणून बायकोने वेष्टन सोडलं, तर आतून निघालं प्लॅस्टिकचं नरसाळं, त्यात हिरवा स्पंज आणि स्पंजात खोचलेले जेमतेम बोटभर देठ. स्पंज ठणठणीत कोरडा. देठच नाहीत म्हटल्यावर फुलं फुलदाणीत ठेवायची कशी? शेवटी पाकळ्या एका पसरट भांड्यात पाण्यावर सोडल्या आणि मंडळींना ‘फार छान होता’ असं कळवून टाकलं.

पाठवणाऱ्यांचा काही दोष नव्हता. पण बांधणाऱ्याने बुके माझ्या हातात पडेपर्यंतचाच विचार केला होता, त्यापुढचा नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

यंदा ताईने एम. ए. पूर्ण केलं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, रात्री सगळी निजानीज झाल्यावर अभ्यासाला बसून. निकाल लागला त्या दिवशी फोनवर म्हणाली, “काही आणू नकोस हं, नुसता ये.” धाकट्या भावाला एवढं निमित्त पुरतं. बुके न्यायचा हे मी ठरवलं, आणि तो स्वतःच बांधायचा हेही. अट एकच घालून घेतली: ताईने कागद सोडावा, गुच्छ उचलून तसाच्या तसा पाण्यात ठेवावा, आणि त्यातलं एकही फूल जागचं हलू नये.

मी सिव्हिल इंजिनीअर आहे. सळया बांधून घेण्यात उमर गेली, देठ कधी बांधले नव्हते. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, त्यांनी तीसेक वर्षं फुलांच्या सजावटीची कामं केली. आता संधिवाताने बोटं वाकलीत, म्हणून स्वतः बांधत नाहीत. नजर मात्र तशीच धारदार आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “बांधणं अर्ध्या तासाचं काम आहे रे. खरं काम आदल्या संध्याकाळचं. ते करणार असशील तर मी खाली येऊन बसते.”

फुलं घ्यायला जाताना त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. गुलाबाच्या फुलाला बुडाशी, म्हणजे देठ संपून फूल सुरू होतं तिथे, दोन बोटांनी हलकंच दाबून बघायचं; घट्ट लागला तर ताजा, भुसभुशीत लागला तर ठेवून द्यायचा. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीकडे बघायचं. जरबेरा दिसतो एक फूल, पण ती चकती म्हणजे शेकडो बारीक फुलांची दाटी असते आणि ती बाहेरून आत उमलत जातात. चकतीभर पिवळी पूड पसरलेली असेल तर ते फूल जुनं. आणि गच्च मिटलेल्या गुलाबकळ्यांचा मोह धरायचा नाही. “ताजी ताजी म्हणून लोक कळ्या घेतात आणि त्या मिटलेल्याच वाळतात. बाहेरच्या पाकळ्या सुटायला लागलेल्या घे.”

मी आणलं ते असं: नऊ पिवळसर गुलाब, पाच केशरी जरबेरा, सात पांढरी कार्नेशन, जांभळ्या स्टॅटिसच्या दोन जुड्या, फर्नची पानं, आणि माझ्या मते बुकेचा मुकुटमणी म्हणून तीन मोठ्या लिली. लिली मी कौतुकाने टेबलावर वेगळ्या मांडल्या होत्या. काकू आल्या, खुर्चीत टेकल्या आणि पहिलाच प्रश्न: “तुझ्या ताईकडे ते भुरं मांजर होतं ना? अजून आहे?”

“आहे की. का?”

“मग या तिघी इथेच राहणार.”

मला वाटलं, मांजर फुलदाणी पाडेल असं काहीतरी असेल. प्रकरण त्याहून गंभीर निघालं. खऱ्या लिलीचं पान, पाकळी, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला विष आहे. अंगावर पडलेले पराग मांजराने चाटले तरी त्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि उपचार लवकर झाले नाहीत तर ते दगावतं. कार्नेशननेही पोट बिघडू शकतं, पण ते बिघडण्यावर निभावतं. हे मला माहीत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मांजर असलेल्या घरी हौसेने विष नेलं असतं, तेही फीत बांधून.

लिलींनी जाता जाता माझ्यावर सूड उगवला. त्यातली एक उमललेली होती आणि तिच्या परागकोशांतली विटकरी पूड माझ्या शर्टावर पडली. मी ओल्या हाताने पुसली. नारिंगी डाग पसरून दुप्पट झाला. काकू म्हणाल्या, “चिकटपट्टी लावून उचलायचं असतं ते, पाणी नाही लावायचं. आणि फूल उमलल्या उमलल्या परागकोश चिमटीने काढून टाकायचे, म्हणजे ही वेळच येत नाही.” तो शर्ट आता घरात वापरतो.

मग संध्याकाळचं काम सुरू झालं. मी बादली आणली. काकूंनी आत डोकावून विचारलं, “यातलं पाणी तू पिशील?” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. बादली साबणाने घासली, पुन्हा आणून दाखवली, तेव्हा कुठे पास झाली. देठ म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, आणि घाणेरड्या पाण्यातले जिवाणू त्या नळ्यांच्या तोंडाशी शेवाळासारखे साचून पाणी अडवतात. फूल पाण्यात उभं असूनही तहानेने मरतं ते यामुळे. म्हणूनच पाण्याखाली जाणारं एकूण एक पान ओरबाडून काढायचं. पाण्यात पान राहिलं की कुजतं आणि जिवाणूंची सोय होते.

देठ कापण्याचा भाग मला सगळ्यात आवडला, कारण तो माझ्या भाषेतला होता. आमच्याकडे पंप चालू असतो, मोटर फिरत असते आणि पाणी येत नाही, तेव्हा पहिली शंका असते की सक्शनच्या पाइपाने हवा धरली. देठाचंही तसंच. झाडावरून तोडल्यावर पानं-पाकळ्यांतून पाणी उडत राहतं, म्हणजे वरून ओढ चालूच असते. खालच्या तोंडातून मग पाण्याऐवजी हवा शिरते आणि नळीत बुडबुडा अडकतो. म्हणून प्रत्येक देठाचं टोक पाण्यात बुडवलेलं असतानाच दोन-तीन सेंटिमीटर कापायचं आणि लगेच बादलीत ठेवायचं. तिरपं कापायचं, कारण सपाट कापलेलं टोक बादलीच्या तळाला चिकटून बसतं. आणि हत्यार धारदार हवं. मी घरातली कागद कापायची कात्री काढली होती. एक गुलाब कापून काकूंना दाखवला. टोक चेपून चपटं झालेलं.

“ही कात्री नाही, पकड आहे,” त्या म्हणाल्या. मी बायकोची झाडं छाटायची कात्री न विचारता घेतली.

पाणी कोमट घेतलं, कारण कोमट पाणी देठातून लवकर चढतं. त्यात फुलांसोबत मिळालेली पुडी टाकली. अशा पुडीत मुळात तीन गोष्टी असतात: फुलाला पोसायला साखर, पाणी किंचित आंबट करायला आम्ल आणि जिवाणू मारायला औषध. नुसती साखर घातली तर फुलांआधी जिवाणूच मेजवानी करतात.

मग प्रत्येकाचे लाड वेगळे. गुलाबाच्या बाहेरच्या एक-दोन जाड, कडा हिरवट झालेल्या पाकळ्या काढल्या. विकत घेताना मला त्या बघून गुलाब खराब वाटत होते. प्रत्यक्षात त्या कळीला प्रवासात सांभाळणाऱ्या असतात आणि मुद्दाम ठेवलेल्या असतात. काटे जाड कापडाच्या बोळ्याने वरून खाली ओढून उतरवले, सालीला जखम न करता. सुरीने खरवडायचे नाहीत. कार्नेशनच्या देठाला उसासारखी पेरं असतात. कापायचं ते दोन पेरांच्या मध्ये. पेरावर कापलं तर पाणी नीट चढत नाही, शिवाय पेरावर थोडा जोर पडला तरी देठ काटकन मोडतो. ही दुसरी गोष्ट मी सकाळी स्वखर्चाने पडताळून पाहिली, ते पुढे येईलच.

जरबेरा हा मात्र नाजूक प्रकृतीचा पाहुणा. देठ मऊ, आतून पोकळसर, वर बारीक लव, आणि एवढ्या देठावर केवढं मोठं डोकं. खोल पाण्यात ठेवला तर देठ सडतो. त्याला वेगळ्या भांड्यात चार बोटं पाणी दिलं आणि पाचही फुलांना वर्तमानपत्राची सुरळी करून उभं ठेवलं, म्हणजे पाणी चढेपर्यंत माना सरळ राहतात.

सगळं आवरून मी बादल्या जेवणाच्या टेबलाजवळ ठेवल्या. काकू निघताना दारातून मागे वळल्या आणि टेबलावरच्या फळांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. “ती दुसऱ्या खोलीत ने.” पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि फुलांना तो वाळवी लागल्यासारखा लागतो. कार्नेशनला सगळ्यात जास्त. याचा शोध कसा लागला ते मी रात्री वाचलं आणि मजा वाटली. शिकागोमध्ये दिव्यांसाठी कोळशाचा वायू वापरत त्या काळात काचघरांतली कार्नेशन अचानक मिटायची, त्याला बागवान ‘झोप लागणं’ म्हणत. १९०८ साली क्रॉकर आणि नाइट या दोघांनी दाखवून दिलं की त्या वायूतलं इथिलीनच फुलांना झोपवतं, आणि त्यासाठी त्याचा हवेतला अगदी सूक्ष्म अंशही पुरतो. मी उठून टोपली आणखी एक खोली लांब नेऊन ठेवली.

सकाळी उठून आधी जरबेरा बघितले. पाचही जण ताठ.

काकू आठ वाजता आल्या. टेबलावर मी फुलांच्या रांगा लावल्या होत्या. कमरेच्या खाली जाणारी पानं, स्टॅटिसचे खालचे फाटे, फर्नची बुडाची पानं आधीच काढून टाकली होती. कमर म्हणजे जिथे गुच्छ हातात धरायचा आणि शेवटी बांधायचा ती जागा. तिच्याखाली नुसते स्वच्छ देठ.

आता आलं ते खरं तंत्र, आणि मी सपशेल आपटलो. मला वाटत होतं की मोठी फुलं मध्ये, छोटी बाजूला, सगळं एकत्र धरायचं आणि बांधायचं. तसंच केलं. हातात आला तो खराटा. फुलांची डोकी एकमेकांवर आदळत होती, गुलाब जरबेऱ्यांच्या पाठीमागे दडले होते आणि मूठ इतकी घट्ट आवळली होती की नखं पांढरी पडली.

“सोड सगळं,” काकू म्हणाल्या. “आता एक गुलाब घे. डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटात, सैल. पेन धरतोस तसा. आता दुसरं फूल त्याच्यासमोर तिरपं ठेव, डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे. तिसरं तसंच. चौथं तसंच. आता गुच्छ हातातल्या हातात थोडा फिरव आणि पुन्हा तसंच. डोकं डावीकडे, शेपूट उजवीकडे. यापलीकडे काही नाही.”

यापलीकडे काही नाही! दुसऱ्या खेपेला आठव्या-नवव्या देठापर्यंत बरं चाललं होतं. मग एका बाजूला भोक दिसलं म्हणून मी एक कार्नेशन मागच्या बाजूने घुसवलं, म्हणजे उलट दिशेने. ते बसेना. जोर लावला. काटकन आवाज आला. बरोबर पेरावर. सातांची सहा झाली. एकच देठ उलटा गेला की तो बाकीच्यांच्या आडवा येतो, गुच्छ फिरायचा थांबतो, आणि मग जितकी दुरुस्ती करावी तितका गुंता वाढतो. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीच सगळं सोडून पुन्हा टेबलावर पसरलं.

तिसऱ्या खेपेला मुलगी शेजारी येऊन बसली आणि एकेक फूल हातात देऊ लागली, त्याने फार फरक पडला. माझी नजर गुच्छावरून हलेना आणि हात तालात आला. ठेव, ठेव, ठेव, फिरव. तीन फुलं, मग स्टॅटिसचा एक फाटा, मग वळण. जरबेरा किंचित उंच, कारण त्यांची तोंडं सपाट असतात आणि खाली गेले तर शेजाऱ्यांच्या गालाला घासतात. सगळ्या केशरी फुलांना एकाच बाजूला गर्दी करू न देणं हे मुलीने बघितलं. “बाबा, इथे पिवळं नकोच आता.” मधूनमधून काकूंच्या सांगण्यावरून आरशासमोर गेलो, कारण हातात धरणाऱ्याला गुच्छ वरून दिसतो आणि बघणाऱ्याला समोरून. समोरून माझा गुच्छ एका खांद्याने झुकलेला होता. तो आणखी दोन गुलाब आणि एक फर्न घालून सावरला. फर्नची उरलेली पानं सगळ्यात शेवटी, खालून गोल, कॉलरसारखी.

लिली गेल्या आणि कार्नेशन मोडलं, म्हणजे आता वीस फुलं. मी कुठेतरी ऐकलं होतं की विषम संख्या हवी, म्हणून एक फूल काढू का विचारलं. काकूंनी हात झटकला. “तीन, पाच, सात असतात तेव्हा बघतात ते. डझनाच्या वर कोण मोजत बसतंय?”

आणि मग एका क्षणी माझं लक्ष खाली गेलं. वर फुलांचा घुमट झाला होता, आणि मुठीखाली देठही तसेच गोल फाकले होते, सगळे एकाच अंगाला कललेले. मध्ये कमर बारीक. डमरू. एकही देठ वाकलेला नाही, सगळे सरळसोट, आणि तरी बाहेरचा आकार वळणदार. हा आकार मी ओळखत होतो! सरळ सळया एका वर्तुळावरून दुसऱ्या वर्तुळाकडे सारख्या तिरप्या नेल्या की हायपरबोलॉइड तयार होतो. औष्णिक वीज केंद्रांची ती प्रचंड, धुराडी वाटणारी, पाणी थंड करायची टॉवरं याच आकाराची असतात. रशियात व्लादिमीर शुखोव याने १८९६ च्या निझनी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनात सरळ पोलादी पट्ट्यांचा असा पहिला मनोरा उभारला होता. कमी सामान, आणि तोल भक्कम. फूल विकणारी माणसं हा आकार हातात धरून रोज उभी असतात आणि आम्ही त्यासाठी गणितं करतो. मी हे सगळं मोठ्या उत्साहाने काकूंना सांगितलं.

“असेल,” काकू म्हणाल्या. “बांध आता, हात दुखेल.”

सुतळी दुहेरी करून फासात टोक ओवलं, ओढलं, कमरेभोवती चार वेढे. इथे माझ्यातला सळईवाला जागा झाला आणि मी गाठ करकचून आवळायला निघालो. मुलगी ओरडली. जरबेऱ्याचा देठ सुतळीखाली चेपायला लागला होता. बांध घट्ट हवा पण आवळलेला नको. उचलल्यावर देठ घसरू नयेत इतपतच. आणि तो धरल्या जागीच बसला पाहिजे. बोटभर खाली सरकला तर वरची फुलं फाकून पडतात, वर सरकला तर गुदमरतात.

शेवटी देठ कापले. बांधापासून खाली अठरा सेंटिमीटर ठेवले, वर साधारण बावीस. आणि गुच्छ टेबलावर ठेवून हात काढला. तो कलंडला. एका बाजूचे दोन देठ लांब राहिले होते. ते कापले, पुन्हा ठेवला. उभा राहिला. फुलदाणी नाही, आधार नाही, नुसत्या स्वतःच्या देठांवर. आम्ही तिघंही काही क्षण नुसते बघत होतो. बायको आतून येऊन म्हणाली, “माझी कात्री कुठे आहे?”

आता वेष्टन. खरं सांगायचं तर मला हा भाग वरवरचा वाटत होता, पण सगळ्यात जास्त कागद यातच वाया गेला. तो चकचकीत पारदर्शक कागद मी आधीच बाद केला होता. त्याला आपण सेलोफेन म्हणतो, पण हल्ली तो बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतो, म्हणजे प्लॅस्टिकच. त्यात गुच्छ बंद केला की आत दव धरतं आणि ओल्या पाकळ्यांवर करडी बुरशी बसते. हिरवा स्पंज तर विचारातच नव्हता; तो कुजत नाही, चुरा होऊन मातीत-पाण्यात तसाच राहतो, आणि ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली आहे. म्हणून साधा तपकिरी क्राफ्ट कागद, आत पांढरा पातळ टिश्यू कागद आणि एक फीत, एवढंच घेतलं.

पण त्याआधी पाणी. प्रवास सव्वा तासाचा होता. कापसाचा जाड थर ओला करून देठांच्या टोकांभोवती गुंडाळला, त्यावर छोटी प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीच्या तोंडाला रबर. इथे मी घाईने कापूस न पिळताच लावला. पिशवीतून पाणी झिरपलं, क्राफ्ट कागद खालून भिजला आणि पहिल्याच घडीला टरकन फाटला. दुसऱ्या वेळी कापूस पिळून लावला, पिशवी दुहेरी केली आणि उलटी धरून गळते का ते पाहिलं. प्लॅस्टिकपासून सुटका काही झाली नाही, एवढं मान्य करतो.

कागद गुंडाळण्यातही माझी पहिली तऱ्हा नकाशाची सुरळी करण्याची होती. गुच्छ मध्ये आणि भोवती कागद गोल. दिसायला पाइप, त्यातून फुलं बिचारी डोकावतायत. काकूंनी कागद चौकोनी कापायला लावला, दोन फुटांच्या आसपास, आणि कोपऱ्यावर कोपरा न आणता थोडा सरकवून दुमडायला लावला, म्हणजे वर दोन टोकं दिसतात, एक पुढे एक मागे. असे तीन कागद. एक पाठीमागे, फुलांपेक्षा उंच. बाकीचे दोन डावी-उजवीकडून, पुढे खाली उतरत आणणारे. सगळी जादू कमरेशी. कागद तिथे गोळा करताना चुण्या घालत आणायचा, साडीच्या निऱ्या धरतात तशा, आणि वर मात्र त्याला मोकळं फाकू द्यायचं. मुठीत चुण्या धरल्या, फीत दोनदा फिरवली आणि सुतळीच्या बरोबर वर बांधली. कागदाला एक आडवी आणि एक उभी जात असते, एका दिशेने तो निमूट दुमडतो आणि दुसरीकडून कुरकुरतो, हे मला घराचे नकाशे दुमडून ठाऊक होतं. या सगळ्या प्रकरणात माझ्या जुन्या ज्ञानाचा खरा उपयोग झाला तो एवढाच.

फितीचं फूल मुलीने बांधलं. मी बांधलेलं बुटाच्या नाडीसारखं दिसत होतं.

गाडीत गुच्छ आडवा टाकायचा नाही, म्हणून एका छोट्या बादलीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून त्यात उभा केला आणि बादली मुलीच्या पायांशी. एसीचा झोत थेट फुलांवर येत होता, तो वळवला. कोरडी हवा पाकळ्यांतलं पाणी ओढून नेते. वाटेत एका खड्ड्यात गाडी आपटली आणि एका जरबेऱ्याची मान किंचित कलली. मुलगी म्हणाली, “नैसर्गिक वाटतंय उलट.” मी आरशातून पाहिलं. मला नव्हतं वाटत.

ताईने दार उघडलं. आधी माझ्याकडे, मग बुकेकडे, मग परत माझ्याकडे बघितलं. “कुठून आणलास रे?”

“बांधला.”

“कोणी?”

मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. ताई हसली, आणि मग तिचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा विचारलं. तिने फीत सोडली, कागद उलगडला, आणि घडी घालून गादीखाली ठेवायला मांजराला ओलांडून आत गेली. मी पिशवी आणि कापूस काढला. हाच तो क्षण. गुच्छ तसाच्या तसा पाण्यात.

ताईने तिची फुलदाणी आणली. निळ्या काचेची, उंच, सुंदर. गळा बारीक.

तिरप्या देठांचा गुच्छ खाली चांगला वीतभर फाकलेला असतो, हे मी सकाळपासून कौतुकाने बघत होतो. त्या गळ्यातून ते शेपूट कसं जाणार, हा विचार एकदाही मनात आला नव्हता. देठ मुठीत आवळून बघितले, तर वर घुमट मोडायला लागला. सुतळी कापून फुलं सुटी ठेवू का, ताईने विचारलं. मी जवळजवळ ओरडलोच. मग स्वयंपाकघर पालथं घातलं. पेल्यात मावेना, बरणीचं तोंड लहान, पातेल्यात पसरट. शेवटी पिठाचा रिकामा स्टीलचा डबा सापडला. त्यात पाणी घातलं, देठांची टोकं पुन्हा एकदा तिरपी कापली आणि गुच्छ ठेवला. हलला नाही. मांजराने येऊन डब्याला गाल घासला आणि गेलं. ताई म्हणाली, डबा दिसतोय पण वर बघितलं की दिसत नाही.

कललेला जरबेरा तिसऱ्या दिवशी गेला, बाकीचे पाचव्या-सहाव्या दिवशी. गुलाब आठ दिवस टिकले. ताई दिवसाआड पाणी बदलून टोकं कापत होती. पंधराव्या दिवशी तिने फोटो पाठवला. डब्यात पाच कार्नेशन आणि वाळलेला पण जांभळाच राहिलेला स्टॅटिस, भोवती सैल झालेली सुतळी.

मी लगेच फोन केला.

“ताई, त्या निळ्या फुलदाणीच्या तोंडाचा व्यास किती आहे?”

“का?”

“सांग ना.”

“थांब, पट्टी आणते,” ती म्हणाली. मग बराच वेळ कपाट उघडल्याचा, मांजराला हाकलल्याचा आवाज. “साडेपाच सेंटिमीटर. आतून घेऊ की बाहेरून?”